फिगलेट आणि लोलकॅट: लॉगिन स्क्रीन नटवून आठ महिने झाले

सुरुवात निव्वळ हौसेची. फिगलेट या टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमने मशीनचं नाव मोठ्या अक्षरांत काढलं, लोलकॅट या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यावर इंद्रधनुष्य चढवलं आणि खाली सुविचार सांगणारी काउसे प्रोग्रॅमची गाय उभी केली. दोन आठवडे मजा आली. मग गाय डोक्यात जायला लागली, तिला रजा दिली.

फिगलेट 1991 पासूनचं आहे, पण अजून खणखणीत चालतं. फॉण्टांमध्ये मला 'स्लँट' आवडला. सोबत येणाऱ्या फॉण्टांत देवनागरी नाही, ही खंत आहेच.

खरा घाम काढला तो 'इश्यू' फाइलने. लॉगिनच्या आधी कन्सोलवर, म्हणजे मशीनला थेट जोडलेल्या स्क्रीनवर, दिसणारा मजकूर तिच्यात असतो. मी 'स्टँडर्ड' फॉण्टातलं नाव तिथे डकवलं, तर अक्षरांचे पाय तुटलेले! अर्धा तास फॉण्टला शिव्या घातल्या. दोष माझाच होता: लॉगिन दाखवणारा गेटी हा प्रोग्रॅम अक्षरांच्या तिरक्या रेघांतल्या बॅकस्लॅशला आज्ञेची खूण समजतो, त्याच्यापुढे 'एन' आला की मशीनचं नाव छापतो. प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहिला, तेव्हा कुठे चित्र सरळ झालं.

दुसरी चूक म्हणजे हे सगळं बॅशआरसीत, म्हणजे आज्ञा घेणारं शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत, टाकणं. एसएफटीपीने दुसऱ्या मशीनवरून तिथे फाइल पाठवायला गेलो, तर जोडणीच तुटली, कारण प्रोटोकॉलच्या मध्येच माझी रंगीत अक्षरं घुसत होती. आता शेल इंटरॅक्टिव्ह असेल, म्हणजे समोर माणूस आज्ञा टाइप करत असेल, तरच छापतो. लोलकॅट रूबीत लिहिलेलं असल्याने जुन्या मशीनवर दर लॉगिनला रेंगाळायचं. म्हणून आउटपुट एकदाच फाइलमध्ये साठवलं. तिथेही रंग गळाले. ते टिकवायला लोलकॅटला 'एफ' पर्याय द्यावा लागतो.

आता इंद्रधनुष्य फक्त लॅपटॉपवर आहे. चाचणीच्या सर्व्हरचं नाव हिरवं आणि खरं काम चालणाऱ्या सर्व्हरचं लालभडक, दोन्ही साध्या एमओटीडीत, म्हणजे लॉगिन झाल्यावर दिसणाऱ्या संदेशात. एका रात्री दोन खिडक्यांत गोंधळून रीबूट टाइप केलं होतं, एंटर दाबणार तेवढ्यात वरची लाल अक्षरं दिसली. तेव्हापासून ही सजावट मी काढायला तयार नाही.

फोनवरून एसएसएच केलं, म्हणजे दुरून लॉगिन केलं, की मात्र ओळी मोडतात, तेवढ्यासाठी अरुंद 'स्मॉल' फॉण्ट बरा.

शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला हे सगळं पोरकट वाटतं. त्याने आपल्या होम फोल्डरमध्ये लॉगिनचे संदेश बंद करणारी हशलॉगिनची रिकामी फाइल ठेवून माझा एमओटीडी गप्प केला. 'इश्यू'ला मात्र ती फाइल लागू होत नाही, त्यामुळे कन्सोलसमोर बसला की त्याला माझी मोठी अक्षरं बघावीच लागतात.