आठ महिने ‘लेडीज रॉड’ वापरल्यावर

बायकांसाठीचा 15 किलोचा रॉड घरी आणून आठ महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलणं) आणि थोडंफार क्लीन (जमिनीवरून थेट खांद्यांवर घेणं), एवढा वापर.

हलका म्हणून घेतला नाही, हे आधीच सांगते. पुरुषांचा रॉड 20 किलोचा, पण प्लेटा चढवल्यावर त्या पाच किलोंना कोण विचारतो? घेतला तो जाडीसाठी. वेटलिफ्टिंग स्पर्धेतला पुरुषांचा रॉड 28 मिलिमीटर जाड, बायकांचा 25. ऐकायला फरक काहीच नाही. पण जिममधल्या रॉडवर अंगठा बोटांखाली दाबून हुक ग्रिप धरायला गेले, की माझं मधलं बोट जेमतेम अंगठ्याच्या नखाला टेकायचं आणि तिसऱ्यांदा उचलताना पकड सुटायची. पाठीत दम असायचा, बोटं दगा द्यायची. ट्रेनरचं निदान ठरलेलं: “मॅडम, एवढं हेवी कशाला? बॉडी बनेल.” (बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषांच्या मानाने कितीतरी कमी. बॉडी इतकी सहज बनत असती, तर तिथली पोरं वर्षानुवर्षं आरशासमोर हिरमुसली नसती.) या रॉडवर माझी डेडलिफ्ट 60 वरून 85 किलोवर गेली. प्लेटा बसतात ती टोकं इथेही 50 मिलिमीटरचीच, त्यामुळे जुन्या प्लेटा चालल्या.

मधोमध खरखरीत पट्टा नाही. क्लीन करताना गळा खरचटत नाही, पण स्क्वॉटला घामेजलेल्या टी-शर्टवरून रॉड सरकतो. टोकं फिरताना करकरतात. अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडावे लागतात. आणि टोकांना गुलाबी टोप्या कशासाठी, देव जाणे! स्पर्धेत बायकांच्या रॉडची खूण पिवळी असते. एक टोपी दुसऱ्याच महिन्यात निखळली.

नवरा सुरुवातीला याला खेळणं म्हणायचा. त्याचे हात माझ्याएवढेच, त्यामुळे महिनाभरात गुपचूप यावरच बेंच प्रेस सुरू झालं. फक्त वहीत रॉडचे 20 किलो धरायचा! दोन्हीकडे 20-20 लावून 60 लिहिलेलं मी पाहिलं आणि 55 करायला लावलं. सहा आठवड्यांचे आकडे खोडताना त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

अजूनही तो हाच रॉड वापरतो. मित्र येणार असले, की उरलेली गुलाबी टोपी तेवढी काढून ठेवतो. आता तीही ढिली झालीये.