डॅन वेसनची नळी बदलायची, तर कुठला पाना?

डॅन वेसन या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची रचनाच निराळी. नळी फ्रेममध्ये आट्यांवर बसते, तिच्यावर आवरण चढतं आणि तोंडाशी एक नट ते सगळं ताणून धरतो. जुन्या रिव्हॉल्व्हरसोबत मूळचा पाना बहुधा मिळतच नाही, म्हणून लोक बाहेर बनवलेले पाने घेतात. त्यांत मुख्य प्रकार दोन.

पहिला टी-आकाराचा, मधे नळीत शिरणारी मार्गदर्शक दांडी असलेला. दांडीमुळे पाना सरळ राहतो, नटाच्या खाचांतून घसरत नाही. घसरला की नळीच्या तोंडाजवळ ओरखडा पडतो, आणि रायफलिंगची, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांची, शेवटची कड बिघडली तर नेम गेलाच म्हणायचा. दांडी पितळेची असेल तर उत्तम. फक्त कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बदललं की दांडीही बदलावी लागते.

दुसरा सॉकेटसारखा, रॅचेटवर (एकाच दिशेने पकडणाऱ्या दांड्यावर) चढणारा. वर्षानुवर्षं न हललेला नट सोडवायला हाच खरा. पण घट्ट करताना रॅचेटच्या जोरावर नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, हाताला अंदाजच येत नाही.

आणि दोन्हींसोबत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, हवंच. नळी आणि सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) यांच्यात सहसा 0.006 इंच, म्हणजे जेमतेम 0.15 मिमी फट ठेवतात. नट आवळल्यावर ती पुन्हा मोजायची, आणि सिलिंडर रिकामा आहे ना, हे तर कामाला हात लावण्याआधीच पाहायचं.

मी तरी टी-आकाराचाच घेईन. सॉकेटवाला हट्टी नटापुरता कुणाचा तरी मागून आणता येतो.