कोरडवाहू कपाशी: निव्वळ लावायची की मूग-तुरीसोबत?

शिंदखेडा-पारोळ्याकडच्या मध्यम जमिनीत दर जूनला हाच घोळ होतो. माझा कौल मूग-तुरीकडे आहे, पण त्यातली कटकटही ऐका.

निव्वळ कपाशीची मोठी सोय तणाची. रुंद पानांच्या तणावरचं औषध मारलं की निंदणीला बाया शोधत फिरावं लागत नाही. मधे मूग असला तर ते औषध मुगालाही तणच समजतं. मग कोळपं आणि विळा. तीन-चार एकर घरच्या माणसांवर निभतं. पंधरा एकरवाल्याने मजुरीचा हिशेब आधी करावा.

मुगाची खरी कमाई वेळेत आहे. कपाशीच्या दोन तासांमधे (ओळींमधे) एक तास मूग पेरला की साधारण 65 दिवसांत शेंगा तोडणीला येतात. म्हणजे पोळ्याच्या सुमाराला हातात पैसा, कपाशीची वेचणी अजून लांब. महिन्याभराचं रोप अलगद उपटून बघा. मुळाला बारीक गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी निघाली तर नत्राचं काम चालू आहे. ऐन तोडणीत झड लागली तर शेंगेतच मोड फुटतात, हा जुगार आहेच. मुगाऐवजी उडीद घेतला तर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचीही सोय.

बांधाकडेला चवळीचं एक तास टाका. त्यावर मावा पडेल. लगेच पंप उचलू नका. माव्यामागे ढालकिडे येतात आणि पुढे तेच कपाशीवरचा मावाही खातात. केळीशेजारी मात्र चवळी-काकडी नकोच. रावेर-यावलकडे ज्या सीएमव्हीपायी (कुकुंबर मोझॅक व्हायरस) केळी उपटावी लागते, तो विषाणू मावाच अशा पिकांवरून केळीत नेतो.

गुलाबी बोंडअळीपुढे दोन्ही पद्धती सारख्याच. तिचं मुख्य खाणं कपाशी, मूग-तुरीने ती अडत नाही. 2017 साल आठवा, याच अळीने बोंडं पोखरली होती. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायची, फरदड धरायची नाही, म्हणजे उशिराच्या बोंडांसाठी तेच पीक पुढे ठेवायचं नाही. आठ तासांमागे दोन तास तूर असली तर हा निर्णय कमी जड जातो, कारण कपाशी काढली तरी शेतात काहीतरी उभं असतं. घाटेअळी तुरीवर येणारच, फुलोऱ्यात तिकडे लक्ष हवं.

पहिल्या वर्षी एकच एकर मिसळा आणि फवारणी-निंदणीचा खर्च वेगळ्या पानावर लिहा. फक्त तो एकर रस्त्याकडेचा नको. कोवळ्या मुगाच्या शेंगा येणारे-जाणारेच संपवतात.