जुना बॉयलर गेला, विरजणाची जागाही गेली

स्लाउच्या आमच्या घरातला जुना गॅस बॉयलर सत्तावीस वर्षं चालला. त्याच्या पोटात पायलटची निळी ज्योत अहोरात्र तेवायची, नंदादीपासारखी. फक्त या नंदादीपाचं तेल आमच्या गॅसच्या बिलात मोजलं जायचं. सुटा भाग मिळेना, तेव्हा त्याला निरोप दिला आणि कॉम्बी बसवला, म्हणजे घरही तापवणारा आणि नळाचं पाणी लागेल तेव्हाच गरम करणारा बॉयलर. इंग्लंडमध्ये 2005 पासून नवा बॉयलर घ्यायचा तर बहुतेक कंडेन्सिंगच घ्यावा लागतो, हा तसाच.

जुना बॉयलर धुराबरोबर बरीच ऊब बाहेर घालवायचा. नवा धुरातल्या वाफेचं पाणी करतो आणि तिच्यातली उष्णताही काढून घेतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली हवं. बसवणारा मात्र बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारं पाणी 75 वर ठेवून गेला! मग नव्वद टक्के कार्यक्षमतेच्या गोष्टी कशाला सांगितल्या? मी स्वतः 58 वर आणला. आता रेडिएटर हाताला चटका देत नाही, म्हणून ह्यांनी पहिला आठवडाभर "अगं, हीटिंग बंद पडलंय का?" असं विचारून भंडावलं. घर मात्र उबदार होतं, फक्त तापायला वेळ जास्त लागतो.

आता तक्रारी. वर शॉवर चालू असताना मी खाली नळ सोडला की वरून आरोळी येते. हीटिंगच्या पाण्याचं प्रेशर एक बारच्या खाली गेलं की सिंकखाली वाकून पाणी भरा. आणि पहिल्याच कडाक्याच्या थंडीत बॉयलर हुक्क्यासारखा गुडगुडला आणि बंद पडला. त्या वाफेचं पाणी वाहून नेणारी बारीक पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेलेली, ती गोठली होती. कोटावर शाल गुंडाळून मी भांड्याने कोमट पाणी ओतत उभी! नंतर पाइपला फोमचं वेष्टण घातलं. ते काम बसवणाऱ्याचं होतं.

बिल उतरलंय, हे कबूल. बसवायचाच असेल तर बसवा, पण पाइप आतून न्यायला सांगा आणि तापमान स्वतः बघा.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. कॉम्बीला गरम पाण्याची टाकी लागत नाही, म्हणून जिन्यावरच्या कपाटातलं तांब्याचं सिलिंडर काढून नेलं. त्याच्या उबेत टॉवेल तिथेच वाळायचे, विरजण तिथेच लागायचं, जानेवारीतसुद्धा इडलीचं पीठ रात्रीत डब्याचं झाकण उचलायचं. आता ओव्हनचा दिवा लावून पातेलं आत ठेवते. परवाच्या इडल्या दडदडीत झाल्या.