दुसरा बल्ब मंद का पेटत नाही? फेटच्या सर्किट किटबद्दल एका विज्ञान शिक्षिकेचा अभिप्राय

एका बॅटरीला एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब जोडले, तर जास्त उजेड कुठला देईल? विद्युतधारेचा धडा संपलेल्या, चाचणीत चांगले गुण मिळवलेल्या वर्गाला हा प्रश्न विचारून बघा. बरीच मुलं ठामपणे सांगतात, "बाई, पहिला. दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर थोडा करंट संपलेला असतो ना." ओहमचा नियम पाठ असतो, उदाहरणं सुटतात, आणि ही चुकीची समजूत मात्र जागची हलत नाही. खरं तर दोन्ही बल्ब सारखाच उजेड देतात. शिकवण्याचं कुठलंही नवं साधन हाती आलं की ते इथपर्यंत पोचतं का, हे मी आधी पाहते. फेटचं 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी' पोचतं.

फेट हा अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. वेबवरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मोफत आहेत, त्यासाठी नाव नोंदवावं लागत नाही, आणि बरीचशी मराठीतही मिळतात. भाषांतरं स्वयंसेवक करतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच सोय. सिम्युलेशनची एकच फाइल उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय साध्या ब्राउझरमध्ये चालते. ऐन तासाला नेट गेल्यावर वर्गाचं काय होतं, हे शिक्षकांना सांगायला नको.

किट उघडलं की मोकळा पडदा आणि बाजूला सामान: वायर, बॅटरी, बल्ब, रोध (धारेला अडवणारा भाग), कळ. ओढून आणायचं, टोकाला टोक जुळवायचं. परिपथ, म्हणजे धारेचा वाटोळा मार्ग, पूर्ण झाला की वायरभर पसरलेले निळे इलेक्ट्रॉन सरकू लागतात. इथेच एक सुरेख गोष्ट दिसते. इलेक्ट्रॉन वायरमध्ये आधीपासूनच असतात, आणि कळ दाबताच सगळे एकदम हलतात. बॅटरीतून निघून बल्बपर्यंत धावत जाणारा करंट मुलांच्या डोक्यात असतो, तो इथे कुठेच सापडत नाही. बल्ब लगेच कसा लागतो, हे समजावायला मी फळ्यावर किती बाण काढले असतील! ते काम पडद्यावर काही क्षणांत होतं.

मी मुलांना आधी वहीत भाकीत लिहायला लावते, कारणासकट. मग एक बल्ब जोडते. बॅटरी ९ व्होल्टची, बल्बचा रोध १० ओहम, त्यामुळे धारा मोजणारा अमीटर ०.९० अँपिअर दाखवतो. दुसरा बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडला की आकडा ०.४५ वर येतो. आता अमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, दोन्हींच्या मध्ये लावा, दुसऱ्याच्या नंतर लावा: सगळीकडे ०.४५. वर्गात जी कुजबुज सुरू होते ती मला हवी असते. "म्हणजे करंट संपतच नाही?" असं कुणीतरी विचारतं आणि उत्तर शेजारचाच कुणी द्यायला लागतो. मग तेच बल्ब समांतर, म्हणजे प्रत्येक बॅटरीला स्वतंत्रपणे, जोडायचे: प्रत्येकातून पुन्हा ०.९०, बॅटरीतून एकूण १.८०. वायरने बॅटरीची दोन्ही टोकं थेट जोडली तर पडद्यावर बॅटरी पेट घेते. शॉर्टसर्किट प्रत्यक्ष करून दाखवणं धोक्याचं, इथे ते हवं तितक्यांदा करता येतं. सामानात नाणं, खोडरबर, पेन्सिलही आहे. पेन्सिलमधून धारा वाहते म्हटल्यावर मुलं चकित होतात आणि शिशाचा, म्हणजे ग्रॅफाइटचा, विषय आपोआप निघतो.

शाळांमध्ये शिकवणीची जी ॲप्स येतात त्यांतलं एक मी वर्गात बराच काळ वापरलं. व्हिडिओ, त्याखाली बहुपर्यायी प्रश्न, बरोबर आलं की तारे, धड्यासमोर हिरवी खूण. पालकसभेत दाखवायला तो तक्ता छान होता. दोन बल्बांच्या प्रश्नाला मात्र हिरव्या खुणा मिळवलेल्या मुलांकडूनही "पहिला" हेच उत्तर येत राहिलं. मूल यशस्वी झालं असं मी कधी म्हणेन? आपलं भाकीत का चुकलं हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की. असल्या यशाला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. फेट गुण देत नाही, शाबासकी देत नाही, काही समजावूनही सांगत नाही. त्यामुळे प्रश्न विचारणारा माणूस समोर लागतो, आणि मला ते पटतं. "मनाला येईल ते करा" म्हणून वर्ग सोडून दिला तर सगळा तास बॅटऱ्या पेटवण्यात जाईल. उलट पायरीपायरीने सूचना दिल्या तर मुलं फक्त सूचना पाळतील. एक चांगला प्रश्न पुरतो.

याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिम्युलेशनवर परिपथ शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खरे परिपथ जोडण्यात आणि समजावण्यातही, खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस कामगिरी केली. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते हे लक्षात ठेवावं. आणि एवढ्यावरून कुणी प्रयोगशाळेचं कपाट बंद करणार असेल तर माझा त्याला सक्त विरोध आहे.

कारण पडद्यावरचं जग फार गुणी आहे. तिथे जोड सैल होत नाही, सेल उतरत नाही, साध्या बल्बचा रोध बदलत नाही. खरा टंगस्टनचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो. दोन बल्ब एकसर जोडले की दोघंही कमी तापतात, रोध कमी राहतो, आणि धारा निम्म्याहून जास्त भरते. म्हणून सिम्युलेशननंतर लगेच खरे सेल, खरे बल्ब आणि मल्टिमीटर टेबलावर ठेवावेत. आकडा बरोबर निम्मा का येत नाही, यावर आठवीच्या मुलांनी घातलेला वाद मी ऐकला आहे, आणि कुठल्याही परीक्षेच्या निकालापेक्षा मला तो जास्त आनंद देऊन गेला. एलईडी बल्ब या प्रयोगाला चालत नाहीत, टॉर्चचे जुने तारेचे बल्ब शोधून ठेवा.

एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर असला तरी काम भागतं. माउस मुलांच्या हाती द्या, आपण मागे उभं राहा. सुरुवात 'इंट्रो' भागापासून करावी. 'लॅब'मध्ये सामान जास्त आहे, ते दुसऱ्या तासाला.