किमोनो भाड्याने घ्यायचा तर क्योतोत की कानाझावात?

जपानच्या सहलीत एक दिवस किमोनो घालून फिरायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर क्योतोच येतं. ते साहजिकही आहे. तिथे पावलापावलावर दुकानं आहेत, रंग-नक्षीत निवड भरपूर आहे आणि यासाका पॅगोडा पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोला तोड नाही. पण जपानच्या समुद्राकडचं कानाझावा हे शहरही त्यासाठी चांगलं आहे. मी आणि बायकोने दोन्हीकडे किमोनो घेतला आहे. भाड्यात किंवा नेसवण्याच्या सफाईत म्हणावा असा फरक आम्हाला जाणवला नाही. फरक पडला तो दुकानाबाहेर पडल्यावर.

क्योतोत किमोनोवाल्यांची पावलं वळतात हिगाशियामा या डोंगरालगतच्या जुन्या भागाकडे. म्हणजे कियोमिझुदेरा या देवळाचा चढ, आणि सान्नेनझाका, निनेनझाका या उतरत्या गल्ल्यांच्या दगडी पायऱ्या. नऊवारीत कासोट्यामुळे ढांग टाकता येते. किमोनो पायांभोवती गुंडाळलेला, त्यामुळे वीतभरच पाऊल पडतं. चढताना समोरची कड उजव्या हाताने जरा उचलून धरली की जमतं. खरा त्रास उतरताना. झोरी म्हणजे किमोनोवरच्या चपलांचा तळ सपाट, पायात ताबी हे सुती मोजे, त्यामुळे पाय पुढे सरकतो आणि पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात रुततो. थांबून सावरावं तर मागून माणसांचा लोंढा. सान्नेनझाका उतरेपर्यंत बायकोची बेचकी लालेलाल झाली होती. त्यानंतर आमचं लक्ष देवळांपेक्षा पुढच्या पायरीकडेच जास्त.

गर्दी टाळायला लवकर निघावं, तर तेही जमत नाही. कियोमिझुदेरा सकाळी 6 ला उघडतं, पण किमोनोची दुकानं साधारण 9 च्या सुमारास. नेसून, केस बांधून बाहेर पडेपर्यंत बसेस भरभरून येऊ लागलेल्या असतात. शिवाय गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या ज्या अरुंद गल्ल्यांसाठी हा पोशाख करावासा वाटतो, त्यातल्या खासगी गल्ल्या 2024 पासून पर्यटकांना बंद आहेत. तिथल्या रहिवाशांना झालेला त्रास पाहता तो निर्णय मला योग्यच वाटतो.

कानाझावाचा हिगाशी चाया हा चहाघरांचा भाग 1820 मध्ये वसवला गेला. मुख्य रस्ता छोटा, फरसबंद आणि सपाट, दोन्ही बाजूंना लाकडी जाळ्यांची घरं. तिथून आसानो नदीवर यायचं, पायी चालणाऱ्यांसाठीच्या लाकडी उमे-नो-हाशी पुलावरून पलीकडे जायचं आणि काठाकाठाने काझुए-माची ही चहाघरांची दुसरी वस्ती गाठायची. एवढ्या फेरीत कड उचलायची वेळ क्वचितच आली. मान वर करून चालता आलं, हीच गोष्ट आमच्यासाठी निर्णायक ठरली. कागा युझेन ही रेशमावरच्या रंगकामाची परंपरा याच शहराची, त्यामुळे तिथे किमोनोची पानं-फुलं निरखून पाहावीशी वाटतात. केनरोकुएन बागेपर्यंत मात्र बसनेच जा. वाटेत चढ आहे आणि आत खडी.

कानाझावाची अडचण पाऊस. डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, असं तिथे म्हणतात ते उगाच नाही. हिवाळ्यात तर पाऊस आणि बर्फ दोन्ही. ओल्या झोरीने चालणं कोणत्याही गावात नकोसंच. क्योतोहून जाणंही पूर्वीइतकं सरळ राहिलेलं नाही: मार्च 2024 पासून त्सुरुगा स्थानकात गाडी बदलून शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) घ्यावी लागते, एकूण सव्वादोन तासांच्या आसपास.

तेव्हा सहल लहान असेल आणि क्योतो ठरलेलंच असेल, तर केवळ किमोनोसाठी वाट वाकडी करा असं मी सांगणार नाही. पण तोक्यो ते क्योतो या वाटेवर एक मुक्काम वाढवता येत असेल, सोबत आई किंवा सासूबाई असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर मी कानाझावाच सुचवेन. क्योतोतच घ्यायचा झाला तर निदान ओकाझाकीकडचं दुकान पाहा. तिथल्या हेइआन जिंगू या देवळाचा तो सगळा परिसर सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, आणि देवळामागच्या बागेत तळ्याकाठी फोटोही छान येतात.