न्यूट्रीबर्ड टी१६ दाणे : तुराको पक्षी पाळणाऱ्यांनी आधी लोहाचा आकडा बघावा

आमच्या सोनी या तुराको मादीचा नर, बंड्या, २०१७ च्या मार्चमध्ये गेला. सकाळी दांडीवर बसून पपई खाल्ली होती. संध्याकाळी मी कामावरून आले तर खाली पडलेला. जखम नाही, हगवण नाही, अंगही भरलेलं. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून यकृताच्या कापाचा फोटो पाठवला. मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. पर्ल्सचा रंग लावला की लोह निळं दिसतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या फोटोत निळं नसलेली जागा शोधावी लागत होती. दिवसभर माणसांचे फेरिटिनचे, म्हणजे अंगातल्या लोहसाठ्याचे, रिपोर्ट बघणाऱ्या बाईच्या घरातला पक्षी लोहाने मेला, हे अजून बोचतं.

दोन वर्षं मी त्याला काय घालत होते? एका दुकानातून ‘सगळ्या फळखाऊ पक्ष्यांसाठी’ म्हणून आणलेले दाणे आणि वर रोज संत्र्याच्या फोडी. पाकिटावर लोहाचा आकडाच नव्हता. विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, लोह तर चांगलंच असतं. मीही मान डोलावून पाकीट घेऊन आले.

ज्यांनी हे पक्षी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाळणारे ज्यांना सॉफ्टबिल म्हणतात ते बी फोडून न खाणारे, फळं-किड्यांवर जगणारे पक्षी. आपले बुलबुल, साळुंकी, कोकणातला धनेश, सगळे याच गटातले. माझ्याकडचे पांढऱ्या गालाचे तुराको मूळचे इथिओपिया-इरिट्रियाच्या डोंगराळ जंगलातले. डोक्यावर गडद तुरा, अंग हिरवं, आणि पंख उघडले की आत लालभडक. हा लाल रंग तांबं असलेल्या रंगद्रव्यामुळे येतो. गळलेलं एक पीस मी अमोनियाच्या पातळ द्रावणात बुडवून पाहिलं, पाणी गुलाबी झालं. मुलगी तेव्हापासून प्रत्येक गळलेलं पीस डब्यात जपून ठेवते.

या पक्ष्यांच्या पोटात लोह फार सहज शोषलं जातं. टूकान आणि मैना यांचंही तसंच. रानातल्या खाण्यात लोह कमी, म्हणून मिळेल ते धरून ठेवायची शरीराची सवय. पिंजऱ्यात भरपूर लोह पोटात गेलं की त्याच सवयीपायी यकृत भरत जातं. संत्री, किवी यांतलं क जीवनसत्त्व हे शोषण आणखी वाढवतं, म्हणजे माझ्या त्या फोडी आगीत तेल होत्या. खाण्यात लोह किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या खाली असावं, हा पाळणाऱ्यांत रुळलेला आकडा आहे. कमीत कमी जेवढं मिळेल तेवढं बरं.

बेल्जियमच्या व्हर्सेले-लागा कंपनीचा न्यूट्रीबर्ड टी१६ मी बंड्या गेला त्याच वर्षी सुरू केला. हा मोठ्या फळखाऊ पक्ष्यांसाठी, लोह मुद्दाम कमी ठेवून केलेला खुराक आहे. तुराको चावत नाहीत, उचलून अख्खा दाणा गिळतात, आणि हे दाणे त्यांच्या घशाला बरोबर बसतात. मुळात सगळे दाणे एकसारखे असल्यामुळे त्यांना आवडीचं तेवढं वेचून बाकीचं टाकता येत नाही. मिश्र खुराकात नेमकं तेच होतं.

पण सोनीने पहिले अकरा दिवस त्यांना तोंडही लावलं नाही. भांड्यातून उचलायची, मान झटकायची, दाणा जाळीच्या बाहेर. मग मी सफरचंद दाण्याएवढंच बारीक चिरायला लागले आणि भिजवलेले दाणे पिकलेल्या पपईच्या गरात घोळवले. बाराव्या दिवशी तीन दाणे गेले. महिन्याभरात पपईची गरज उरली नाही. दर रविवारी वजनकाट्यावर दांडी ठेवून मी तिला तोलत होते. २६१ ग्रॅमवरून २५२ वर उतरली आणि पुन्हा २६४ वर स्थिरावली. तुम्हीही काट्याशिवाय हा बदल करू नका. खात नसलेला पक्षी खाण्याचं सोंग छान करतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनीचे दाणे मी आठवड्यातून दोनदा गार कोऱ्या चहात भिजवते. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, “अगं, पाखराला चहा कशाला?” तिला त्या निळ्या फोटोबद्दल सांगितलं. आता फोन केला की आधी सोनीची चौकशी.

नुसत्या दाण्यांवर तुराको ठेवू नयेत. माझ्याकडे निम्मे दाणे, निम्मी फळं (पपई, सफरचंद, नाशपाती, द्राक्षं) आणि अंगणातली डँडेलियनची पानं. भिजवलेले दाणे उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतात, तेव्हा अकरा वाजता उचलायचे. कोरडे भांड्यात दिवसभर चालतात.

नवा नर मिळायला दोन वर्षं गेली. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे पिसाची डीएनए तपासणी झाल्याशिवाय मी घेणार नव्हते. युरोपने रानातले पक्षी आणणं २००५ मध्ये थांबवलं आणि २००७ पासून ती बंदी कायमची झाली. आता इथला प्रत्येक तुराको कुणाच्या तरी अंगणात वाढलेला आहे. एक गेला तर जागा भरायला रानातून दुसरा येत नाही. पिल्लांच्या बाबतीत म्हणून मी इतकी हट्टी आहे.

२०२१ च्या मेमध्ये सोनीने दोन अंडी घातली. दोघं आळीपाळीने बसले. बाविसाव्या दिवशी एक पिल्लू, दुसरं अंडं रिकामं. त्या दिवसांत मी टी१६ सोबत त्याच कंपनीचा टी२०, म्हणजे प्रजननासाठीचा खुराक, भिजवून ठेवत होते. आईबाप गिळून तो पिल्लाच्या चोचीत उलटवायचे. काळसर लव असलेलं ते पिल्लू उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडलं आणि फांदीफांदीने चढत भांड्यापाशी आलं. नर खात होता. त्याच्या शेजारून मान लांब करून पिल्लाने एक दाणा उचलला, पाडला, पुन्हा उचलला आणि गिळला. मी मागच्या दारात हात धुवायचे विसरून उभी होते.